‘अपील दाखल केलंय, तारीख पडेल’: नव्या वकिलाची पहिली वर्षं

संयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना पहिलं हेच म्हटलं की अहो, मी वकील नाही. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली. त्यातली काही वर्षं संध्याकाळी विधी महाविद्यालयात व्यावसायिक नीतीचा पेपर शिकवायला जात होतो, एवढाच काय तो वकिलीशी संबंध. ते म्हणाले, सर, समोर यंदा सनद घेतलेली मुलं-मुली बसणार आहेत. त्यांना कायदा सांगणारे पुष्कळ आहेत, तुम्ही दुसरं काहीतरी सांगा. म्हणून आलो.

वकिलीशी माझा आणखी एक संबंध आहे. तो आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कशावरून आलंय ते कळेल. आमचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. चुलतभावाशी अडीच एकर जमिनीचा दावा चालू होता. १९७१ साली तालुक्याच्या कोर्टात वडिलांच्या विरुद्ध निकाल लागला. जिल्हा न्यायालयात अपील करायचं ठरलं. मुदत तीस दिवसांची. वकीलसाहेबांनी फी घेतली, वकीलपत्रावर सही घेतली, आणि म्हणाले, ‘गुरुजी, काळजी करू नका.’ त्यानंतर वडील दर दोन महिन्यांनी एस.टी.नं जायचे आणि एकच वाक्य ऐकून परत यायचे : ‘अपील दाखल केलंय, तारीख पडेल.’ चौदा महिन्यांनी चुलतभावाची दरखास्त निघाली आणि ताबा घ्यायला बेलिफ दारात आला, तेव्हा आम्हाला कळलं की अपील दाखलच झालेलं नव्हतं. कारकुनानं निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला होता, नक्कल मिळालीही होती, ती दुसऱ्याच कुठल्यातरी फाइलीत गेली. मुदत टळली. बस्, एवढंच झालं होतं.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. वकीलसाहेबांनी विलंब माफीचा अर्ज तयार केला. त्यासोबत वडिलांचं प्रतिज्ञापत्र, की मी या काळात काविळीनं अंथरुणाला खिळून होतो. एका डॉक्टरांचा दाखलाही जोडला. वडील म्हणाले, मला कावीळ कुठे झाली होती? वकील म्हणाले, सगळे असंच लिहितात गुरुजी, कोर्टालाही माहीत असतं. वडिलांनी सही केली. समोरच्या वकिलानं शाळेचा हजेरीपट आणून ठेवला. त्या सगळ्या महिन्यांत गुरुजी रोज हजर! अर्ज फेटाळला गेला. जमीन गेली ते गेलंच. गावात मात्र पुढे कायम ‘काविळीचे गुरुजी’. मी तेव्हा एम.ए.च्या वर्गात होतो आणि सत्य या विषयावर मोठमोठे निबंध लिहीत होतो.

त्या वकिलांचं नाव मी सांगणार नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. पन्नास वर्षं मी या गोष्टीचा विचार करतोय आणि मला असं वाटतं की त्यात दोन वेगळ्या घटना आहेत. नक्कल चुकीच्या फाइलीत जाणं ही एक. ‘तारीख पडेल’ म्हणणं आणि कावीळ लिहिणं ही दुसरी. पहिली उद्या तुमच्यापैकी कोणाच्याही हातून होईल. दुसरी करायचीच असं बंधन कोणावर नाही.

आता हा फरक फक्त माझ्या डोक्यातला आहे असं समजू नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तो केलेला आहे, आणि तोही पुण्याच्या प्रकरणात. कलेक्टर कचेरीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढे काम करणाऱ्या वकिलांविरुद्ध तक्रार झाली, शिस्तभंग समितीनं निलंबनाची शिक्षा दिली. खांडेकर विरुद्ध महाराष्ट्र बार कौन्सिल या नावानं ते प्रकरण ओळखलं जातं. १९८३ मध्ये न्यायालयानं शिक्षा रद्द केली. चुकीचा सल्ला देणं वेगळं आणि गैर सल्ला देणं वेगळं, असं ते म्हणालं. निव्वळ निष्काळजीपणा, ज्याला नैतिक अधःपाताची जोड नाही, तो व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी हैदराबादच्या एका वकिलाचं प्रकरण आलं. प्रतिज्ञापत्र करणारा माणूस समोर नसताना त्यानं ते साक्षांकित केलं होतं. त्याची सनद न्यायालयानं पाच वर्षांसाठी निलंबित केली. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. कावीळ कुठल्या बाजूला बसते हे मी सांगायला नको.

मग निष्काळजीपणाला काही शिक्षाच नाही का? आहे. इथे जरा थांबायला हवं, कारण नव्या मुलांमध्ये याबद्दल गैरसमज फार. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. त्या वेळी एक तरुण वकील पेढे घेऊन माझ्या घरी आला. ‘सर, सुटलो!’ मी म्हटलं, निकाल वाचलास का? नव्हता वाचला. न्यायालयाचं म्हणणं असं की पक्षकार वकिलाला सूचना देतो, त्याच्यावर पक्षकाराचं थेट नियंत्रण असतं, म्हणून तो करार वैयक्तिक सेवेचा, आणि वैयक्तिक सेवा त्या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे ग्राहक मंचाचं दार बंद झालं. दिवाणी न्यायालयाचं उघडंच आहे. वकील म्हणून काम करताना निष्काळजीपणानं कोणाचं नुकसान केलं, तर केवळ वकील असल्यामुळे दाव्यातून सूट मिळत नाही, हे वकिलांच्या फीबद्दलच्या १९२६ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि तिसरं दार म्हणजे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१, कलम ३५. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते. समज देण्यापासून सनद कायमची काढून घेण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

दिवाणी दावा जिंकणं पक्षकाराला सोपं नसतं, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. वकिलानं मुदत चुकवली एवढं दाखवून भागत नाही. अपील वेळेत झालं असतं तर ते जिंकलं असतं, किंवा निदान काहीतरी पदरात पडलं असतं, हेही दाखवावं लागतं. न घडलेल्या अपिलाचा निकाल काय लागला असता? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना असले प्रश्न फार आवडतात, त्यावर ग्रंथ आहेत. पण ज्याची जमीन गेली त्याला त्यात रस नसतो. शिवाय वकिलाविरुद्ध दावा लावायला दुसरा वकील शोधावा लागतो, आणि तो त्याच बार रूममध्ये चहा पीत असतो. म्हणून दावे कमी दिसतात. त्यावरून चुका कमी होतात असं मात्र समजू नये.

एक विद्यार्थिनी मला नेहमी विचारायची, सर, हेतू वाईट नसेल तर दोष कसला? प्रश्न चांगला आहे. अ‍ॅरिस्टॉटलनं तो फार पूर्वी घेतला आहे. दारू पिऊन गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा तो दाखला देतो आणि म्हणतो की त्या वेळी त्याला कळत नव्हतं हे खरं, पण न पिणं त्याच्या हातात होतं. अज्ञान आपल्याच हयगयीतून आलेलं असेल तर ते सबब होऊ शकत नाही. आता हे वकिलाला लावून बघा. मुदत कधी संपते हे त्या दिवशी आठवलं नाही, ठीक आहे. पण डायरी ठेवणं तर हातात होतं?

तेव्हा डायरीकडे येऊ. हा भाग रटाळ आहे, पण माझ्या मते सगळं इथेच आहे. माझे जे विद्यार्थी पुढे अडचणीत आले, ते कायदा येत नव्हता म्हणून क्वचितच आले. दिवस मोजायला चुकले म्हणून आले.

तुम्हाला सुरुवातीला चेक बाउन्सची प्रकरणं मिळतील, म्हणून तेच उदाहरण घेतो. चेक परत आल्याचं बँकेनं कळवलं १० मार्चला. नोटीस पाठवायची तीस दिवसांत. कळवल्याचा दिवस सोडायचा, ११ मार्चपासून मोजायचं, शेवटचा दिवस ९ एप्रिल. समजा नोटीस समोरच्याला मिळाली १५ एप्रिलला. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत. त्यानंतर फिर्यादीला एक महिना. आता गंमत बघा. नोटिशीला ‘तीस दिवस’ आहेत आणि फिर्यादीला ‘एक महिना’ आहे, दोन्ही एक नव्हे. फिर्यादीला उशीर झाला तर कारण दाखवून तो माफ होऊ शकतो. नोटिशीला झाला तर होत नाही, प्रकरण तिथेच संपलं. आणि तिसरी गोष्ट, उत्साही माणसांसाठी : पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत फिर्याद ठोकली तर तीही टिकत नाही. म्हणजे उशीर केला तरी मेलो आणि घाई केली तरी मेलो.

अशीच बाकीची गणितं. साध्या दिवाणी दाव्यात लेखी कैफियतीला तीस दिवस, न्यायालय नव्वदपर्यंत वाढवून देतं, आणि त्यापुढेही कधीकधी दया दाखवतं. या दयेची सवय झालेला वकील व्यापारी दाव्यात जातो, तिथे एकशेवीस दिवस झाले की कैफियत द्यायचा हक्कच संपतो. लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायला तीन महिने, वर फार तर तीस दिवस, आणि पुढे एक दिवसही नाही. अपिलाला विलंब माफी मागता येते, मूळ दाव्याला मुदत कायद्याच्या कलम ५ खाली मागता येत नाही. आणि समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाला स्वतःहून दावा काढून टाकावा लागतो. गप्प बसून निभावेल या आशेला जागाच ठेवलेली नाही.

हल्ली मुलं म्हणतात, सर, मोबाइलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप आहे, सोळा अक्षरांचा सी.एन.आर. नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. उत्तम आहे. पण जे प्रकरण दाखलच केलेलं नाही त्याला सी.एन.आर. नंबर कुठून येणार? आमच्या वडिलांचं अपील कुठल्या अ‍ॅपमध्ये दिसलं असतं? अ‍ॅप तारीख दाखवतं, मुदत दाखवत नाही. ती पक्षकार पहिल्यांदा समोर बसतो त्याच दिवशी, तो खुर्चीवरून उठायच्या आत, मोजून लिहायची. डायरीत एकदा, ऑफिसच्या वहीत एकदा, आणि त्याच्या आधी पंधरा दिवस आणि सात दिवस अशा दोन खुणा. जमलं तर मोजणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. माझा एक विद्यार्थी मुदतीची तारीख पक्षकारालाच कागदावर लिहून देतो. म्हणतो, सर, आता दोघं घाबरतात, मी एकटा नाही.

कागदाचं आणि पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण नियम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेले आहेत. मूळ कागद घेतला की पोच द्या आणि परत देताना सही घ्या. शक्यतो मूळ ठेवूच नका. फी थकली म्हणून फाइल अडवून धरता येत नाही, हे २००० साली भोपाळच्या एका बँकेच्या सल्लागार वकिलाच्या प्रकरणात स्पष्ट झालं. फीसाठी दावा लावा, फाइल द्या. पक्षकाराच्या वतीनं आलेला पैसा त्याचा असतो, तो त्याच दिवशी कळवायचा आणि वेगळा मांडायचा. ते २०२४ चं प्रकरण एवढं गाजलं, त्याच्या मुळाशी काय होतं माहीत आहे? वीस हजारांचा न वटलेला चेक, आणि वसूल झालेले कागद वकिलानं पक्षकाराच्या हातात दिले नाहीत ही तक्रार. ‘जिंकलो तर दहा टक्के’ असली बोली करायची नाही, ती नियमात बसत नाही. तडजोड करायची असेल तर पक्षकाराची लेखी सूचना घ्या. कोर्टात उभं राहून ‘आमची हरकत नाही’ असं म्हणणं दोन सेकंदांचं काम असतं आणि ते निस्तरायला दहा वर्षं लागतात.

आपल्याकडे घरची प्रकरणं फार असतात, त्यात एक वेगळाच सापळा आहे. मुलगा वडिलांना घेऊन येतो, बोलतो मुलगा, फी देतो मुलगा, सही वडिलांची. तुमचा पक्षकार कोण? किंवा दोघे भाऊ वाटणीपत्र करायला एकत्र येतात, तुम्ही दोघांना सल्ला देता, आणि वर्षभरात ते एकमेकांवर दावा लावतात. आता तुम्ही कोणाचंही वकीलपत्र घेऊ शकत नाही. एकदा एका बाजूला सल्ला दिला की त्याच वादात दुसऱ्या बाजूनं उभं राहता येत नाही. पहिल्या भेटीतच विचारा, आणि वडिलांशी पाच मिनिटं एकट्यानं बोला. मुलगा रागावला तर रागावू द्या.

आता टायटल रिपोर्ट. तरुण वकिलांना बँकांच्या पॅनेलवर जायची हौस असते, दर रिपोर्टमागे ठरलेले पैसे मिळतात. मग काय होतं? तीस वर्षांचा शोध लिहायचा आणि प्रत्यक्षात पाहायचा ताजा सातबारा. फेरफार पाहिलेले नसतात, इतर हक्काच्या रकान्यात काय आहे ते वाचलेलं नसतं, दुय्यम निबंधकाकडची काही वर्षांची सूची उपलब्धच नव्हती हे लिहिलेलं नसतं. हैदराबादला एका बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलावर सीबीआयनं फसवणुकीच्या कटाचा गुन्हा दाखल केला होता, कर्जं बनावट कागदांवर गेली होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला मोकळं केलं. सल्ला चुकला एवढ्यावरून कट सिद्ध होत नाही, त्यासाठी सामील असल्याचा पुरावा हवा, असं सांगितलं. पण निष्काळजीपणाची जबाबदारी मात्र राहू शकते हेही सांगितलं. म्हणून जे पाहिलं तेच लिहा, आणि जे पाहायला मिळालं नाही तेही तितक्याच ठळकपणे लिहा. बँकेचा अधिकारी म्हणेल, असलं कशाला लिहिता, कर्ज अडतं. अडू दे.

आणि जे आपल्याला येत नाही ते? इथे मला गांधीजी आठवतात. राष्ट्रपिता म्हणून नव्हे, मुंबईत बसलेला, काम न मिळणारा बॅरिस्टर म्हणून. त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. स्मॉल कॉजेस कोर्टात पहिलं प्रकरण मिळालं, फी तीस रुपये. उलटतपासाला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, प्रकरण आणणाऱ्याला म्हणाले, मला जमणार नाही, पटेलांना द्या, माझी फी परत घ्या. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले. सगळे या प्रसंगाकडे फजिती म्हणून बघतात. मी वर्गात तो व्यावसायिक नीतीचा नमुना म्हणून सांगायचो. पक्षकाराचं नुकसान झालं का? नाही. वेळेत सांगितलं, पैसे परत केले, जाणकाराकडे पाठवलं. तुम्हाला जीएसटीचं अपील येत नसेल तर घेऊ नका. घेतलंत तर ज्याला येतं त्याला सोबत घ्या. आणि अमेरिकेत २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी संगणकानं रचून दिलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात दिले, पाच हजार डॉलर दंड झाला, हे तुम्ही वाचलं असेलच. तिथेही आधी चूक झाली, आणि न्यायाधीशांनी विचारल्यावर लगेच कबूल न करता ती ताणली गेली, त्यानं जास्त बिघडलं.

तेव्हा चूक झाली तर काय करायचं? होणार आहे, म्हणून विचारतो. ज्या क्षणी कळलं त्या दिवशी सीनियरला सांगायचं. सीनियर ओरडेल. ओरडण्यानं मुदत वाढत नाही, पण लपवण्यानं विलंबात रोज एक दिवस वाढतो आणि त्या प्रत्येक दिवसाचं कारण कोर्टाला द्यावं लागतं. मग पक्षकाराला बोलवायचं आणि तोंडानं सांगून वर लेखी द्यायचं : अमुक तारखेला मुदत संपली, अपील दाखल झालेलं नाही, कारण आमच्या ऑफिसातली ही चूक. दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्यायचा असेल तर फाइल आज नेऊ शकता. त्या कामाची फी परत. व्यावसायिक जबाबदारीचा विमा घेतला असेल तर कंपनीला ताबडतोब कळवायचं. आपल्याकडे तो सक्तीचा नाही, पण मिळतो.

आणि विलंब माफीच्या अर्जात खरं लिहायचं. वकिलाचंच प्रतिज्ञापत्र जोडायचं, की नक्कल अमुक दिवशी मिळाली, ती अमुक फाइलीत गेली, अमुक दिवशी सापडली. लाज वाटते, वाटू दे. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालय १९८१ मध्ये म्हणालेलं आहे. पुढे त्याला मर्यादा घातल्या गेल्या, दर वेळी हे चालत नाही. पण १९९८ च्या एका प्रकरणात वकिलाच्या हयगयीमुळे झालेला ८८३ दिवसांचा विलंब माफ झाला. न्यायालय म्हणालं, किती दिवस यापेक्षा खुलासा पटण्याजोगा आहे का ते महत्त्वाचं. आठशे त्र्याऐंशी दिवस! आमचे चौदा महिने त्याच्या निम्मेही नव्हते. तेव्हा हा निकाल नव्हता, आणि खरं लिहिलं असतं तर अर्ज मंजूर झालाच असता असं मी म्हणणार नाही. नामंजूर झाला असता तर फक्त जमीन गेली असती.

वेळ झाली आहे असं अध्यक्ष खुणावतायत. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पाठवा. ज्यांना नाव लिहायचं नसेल त्यांनी नका लिहू. मागच्या वेळी अशीच एक बिननावाची चिठ्ठी आली होती, ‘सर, माझी मुदत परवा संपली, अजून कोणाला सांगितलेलं नाही.’ तसं कोणी असेल तर प्रश्नोत्तरांसाठी थांबू नका, बाहेर जाऊन आधी फोन करा.